डोळ्यांचा रोजा आधी मोठ्यांनी धरावा

रमजान सुरू झाला की मोहल्ल्याचे घड्याळच बदलते. इफ्तारनंतर पुरुष तरावीहच्या नमाजला जातात. बायका भांडीकुंडी आवरून पुन्हा सहेरीच्या तयारीला लागतात. बाजार उशिरापर्यंत जागा असतो आणि पहाटे चारच्या सुमारास घरोघरी पुन्हा दिवे लागतात. या धावपळीत घरातली लहान मुले काय करत आहेत, हे पाहायला कोणालाच सवड नसते. पुष्कळ घरांत ती एका कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसलेली असतात. "बसू दे, निदान कटकट तरी करत नाही," असे म्हणून मोठी माणसे आपल्या कामाला लागतात. इबादतीच्या महिन्यात, जागरणाच्या रात्री, मुलांचे डोळे मात्र भलतीकडेच लागलेले असतात.

हे चित्र एकट्या मुस्लिम वस्तीतले नाही. गणपतीत आरास पाहायला जाण्याआधी, लग्नघरात हळदीच्या गडबडीत, उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावी, सगळीकडे रडणाऱ्या मुलाला गप्प करण्याचे औषध एकच झाले आहे. शेजारधर्म वेगळा असेल, सण वेगळे असतील. पण त्या छोट्या पडद्यासमोर बसलेले मूल दोन्हीकडे सारखेच दिसते आणि त्याच्या आईच्या मनातली काळजीही सारखीच असते.

काळजी खरी आहे. मुलाला कार्टून लावून दिलेले असते. ते संपते आणि पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो. मग एखादे गाणे येते. मग 'कॉमेडी'च्या नावाखाली दुहेरी अर्थाचे संवाद येतात. मग अर्ध्या मिनिटाची रील येते, जिच्यात नाचणाऱ्या बाईपेक्षा कॅमेराच अधिक निर्लज्ज असतो. मधेच कुठल्या तरी वेबसिरीजची झलक डोकावून जाते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाने यातले काहीही शोधलेले नसते. ते त्याच्यापर्यंत चालत येते.

कसे चालत येते, हे पालकांनी नीट समजून घेण्यासारखे आहे. हे ॲप कोणाच्या हातात मोबाईल आहे ते पाहत नाही. त्या खात्यावर आधी काय पाहिले गेले, कुठल्या व्हिडिओवर बोट किती वेळ थांबले, काय पुन्हा लावले गेले, याची नोंद ते ठेवते आणि त्याच जातीचे आणखी पुढे करते. बहुसंख्य घरांत मुलाचा स्वतःचा मोबाईल नसतोच. तो वडिलांचा, काकांचा किंवा मोठ्या भावाचा असतो. रात्री अकरा वाजता अंथरुणात पडल्या पडल्या मोठ्या माणसाने जे पाहिले, त्याचाच मासला दुसऱ्या दिवशी दुपारी मुलासमोर येतो. पूर्वी बापाचे व्यसन मुलाला कळायला काही वर्षे लागत. आता एक रात्र पुरते.

दार होते, ते कुठे गेले?

मोठ्यांच्या जगात मुलांनी पाहू नये असे काही पूर्वीही होतेच. जत्रेत तमाशाचा फड लागत असे. पण पोरासोरांना तिथून हाकलणारा कोणी तरी वडीलधारा गावात असे. चित्रपटगृहावर 'फक्त प्रौढांसाठी' अशी पाटी लागे आणि दारावरचा माणूस मिसरूड न फुटलेल्या मुलाला परत पाठवी. तो क्वचित फसतही असे, पण दार होते. पुढे १९९० नंतर केबल आली आणि बैठकीच्या खोलीत शंभर वाहिन्या घुसल्या. तरी टीव्ही सर्वांसमोर होता, आजी-आजोबा शेजारी होते, वाहिनी बदलायला हात पुढे येत होता. २०१६ नंतर मोबाईलचा डेटा स्वस्त झाला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ज्या घरांनी तोवर मुलांना मोबाईलपासून दूर ठेवले होते, त्यांनाही अभ्यासासाठी तो मुलाच्या हातात द्यावा लागला. शाळा पुन्हा भरल्या, पण हातातला मोबाईल सुटला नाही. आता पडदा चादरीखाली गेला आहे आणि चादरीला दार नसते.

पवित्र कुरआनमध्ये या दाराविषयी स्पष्ट शिकवण आहे. सूरह नूरच्या ५८ व्या आयतीत सांगितले आहे, की वयात न आलेल्या मुलांनीसुद्धा दिवसातून तीन वेळी मोठ्यांच्या खोलीत परवानगी घेऊनच जावे: पहाटे फजरच्या नमाजपूर्वी, दुपारी विश्रांतीसाठी कपडे उतरवले जातात तेव्हा आणि रात्री ईशाच्या नमाजनंतर. या तीन वेळा मोठ्यांच्या खासगीपणाच्या आहेत. एरवी मुले घरात मोकळी फिरली तर हरकत नाही. पुढच्याच आयतीत म्हटले आहे, की मुले वयात आली की त्यांनी प्रत्येक वेळी परवानगी घ्यावी.

या नियमातल्या दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी, की मोठ्यांच्या खासगी आयुष्याला इथे घाणेरडे ठरवलेले नाही. पती-पत्नीचे नाते इस्लाममध्ये पवित्र आणि अल्लाहची देणगी मानले जाते. फक्त ते पाहण्याचे वय मुलाचे नाही, एवढेच सांगितले आहे. प्रश्न वेळेचा आणि वयाचा आहे. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ही आज्ञा मुलांना उद्देशून दिलेली नाही. संबोधन आहे ते श्रद्धावंत मोठ्या माणसांना. मुलाला परवानगी मागायला शिकवणे आणि आपले दार लावून घेणे, या दोन्ही जबाबदाऱ्या मोठ्यांच्या आहेत. दार सताड उघडे टाकायचे आणि आत डोकावले म्हणून मुलाच्या पाठीत धपाटा घालायचा, हा न्याय नाही.

कायद्याची कडी

आधुनिक कायद्यानेही वयाचे हेच तत्त्व धरले आहे. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने चित्रपटांना सर्वांसाठी 'यू' आणि प्रौढांसाठी 'ए' अशी प्रमाणपत्रे देण्याची व्यवस्था केली. या व्यवस्थेला मोठे आव्हान दिले ते ख्वाजा अहमद अब्बास यांनी. राज कपूर यांच्या अनेक गाजलेल्या चित्रपटांचे लेखक असलेल्या अब्बास यांनी 'चार शहर एक कहानी' हा माहितीपट काढला. चार महानगरांतली श्रीमंती आणि गरिबी त्यात शेजारी शेजारी ठेवली होती आणि मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्येही होती. त्याला सर्वांसाठीचे प्रमाणपत्र नाकारले गेले, तेव्हा अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणीच्या काळात सरकारने माघार घेतली आणि 'यू' प्रमाणपत्र द्यायचे मान्य केले. तरीही १९७० मध्ये सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या खंडपीठाने मूळ प्रश्नाचा निकाल दिला. वयानुसार चित्रपटांची वर्गवारी करणे घटनाबाह्य नाही, पण असे करताना कलेला आणि सामाजिक वास्तवाला जागा राहिली पाहिजे, असा त्याचा आशय होता.

हा निकाल आजही वाटाड्या आहे. 'संस्कृती बुडाली' म्हणून प्रत्येक चित्रपटावर बंदी मागणे जितके चुकीचे, तितकेच 'कलेचे स्वातंत्र्य' म्हणून सहा वर्षांच्या मुलापुढे काहीही मांडणेही चुकीचे. वेश्यावस्तीचे दुःख सांगणारा चित्रपट प्रौढांनी अवश्य पाहावा. त्यासाठी मुलाला शेजारी बसवण्याची गरज नाही.

पुढे कायदा तंत्रज्ञानाच्या मागे धावतच राहिला. केबल वाहिन्यांच्या नियमांत लिहिले आहे, की मुलांसाठी अयोग्य कार्यक्रम ती सर्वाधिक संख्येने टीव्ही पाहतात त्या वेळी दाखवू नयेत. तरीही वाहिन्यांवर प्रौढ चित्रपट सर्रास दिसू लागले, तेव्हा मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील प्राध्यापिका प्रतिभा नैथानी यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि 'ए' प्रमाणपत्राचे चित्रपट टीव्हीवर दाखवण्याला न्यायालयाने लगाम घातला. एका शिक्षिकेने हे काम मनावर घेतले, ही बाब पालकांनी विसरू नये.

ओटीटीसाठी फेब्रुवारी २०२१ मध्ये नियम आले. मालिका-चित्रपटांची 'यू', सात वर्षांवरील, तेरा वर्षांवरील, सोळा वर्षांवरील आणि 'ए' अशी वर्गवारी करायची, तेरा वर्षांवरील गटापासून पुढे पालकांसाठी कुलपाची सोय द्यायची आणि 'ए' गटासाठी वय तपासायचे, असे त्यात ठरले. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यातही अशाच वयोगटांची भर पडली. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने अश्लील सामग्रीबद्दल १८ ओटीटी मंच बंद केले. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते उघडण्यासच मनाई केली आहे.

ही सगळी पावले गरजेची आहेत. कंपन्यांना मोकळे सोडून सगळा भार आईवर टाकणेही योग्य नाही. पण कायदा फार तर दाराला कडी बसवून देऊ शकतो. ती लावायची कोणी? अनेक घरांत त्या कुलपाचा पिन मुलालाच ठाऊक असतो, कारण मोबाईल चालू करून दिला त्यानेच. एकाच खोलीत सहा माणसे राहतात, तिथे वेगळे दार नाही, वेगळा मोबाईल नाही आणि वेगळा वेळही नाही. रात्रीच्या खासगी बसमध्ये लावलेला चित्रपट पुढच्या सीटवरच्या बाळापासून मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांनाच पाहावा लागतो. तिथे कडी लावायला सरकार येत नाही. "हे बंद करा, गाडीत मुले आहेत," असे ड्रायव्हरला सांगणारा एक प्रवासी लागतो.

टाळ्या कोण वाजवतो?

मोबाईलमधून चोरून येणाऱ्या गोष्टींबद्दल सगळेच बोलतात. जे उघड्यावर, मांडवात, वाजतगाजत होते त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात दुसरी-तिसरीतल्या मुली प्रौढांसाठी रचलेल्या गाण्यांवर त्याच हावभावांसह नाचतात आणि पहिल्या रांगेत बसलेले पाहुणे कौतुकाने मान डोलावतात. हळदीला, वरातीत, मिरवणुकीत पाच वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेऊन तेच गाणे लावले जाते. कोणी तरी व्हिडिओ काढतो आणि तो नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतो. टीव्हीवरच्या नृत्यस्पर्धांत हे इतके वाढले, की जून २०१९ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाला वाहिन्यांना कळवावे लागले, की लहान मुलांना मोठ्यांच्या उत्तान नृत्यांत दाखवू नका, त्याचा मुलांच्या मनावर वाईट परिणाम होतो.

मुलाला शब्दांचा अर्थ कळत नाही, असे समर्थन केले जाते. शब्दांचा अर्थ त्याला कळत नसेलही. टाळ्यांचा अर्थ मात्र बरोबर कळतो. कशाने मोठी माणसे खूश होतात, हे मूल फार लवकर शिकते. ज्या मुलीला सातव्या वर्षी तिच्या कंबरेच्या हालचालीसाठी टाळ्या मिळाल्या, तिलाच तेराव्या वर्षी "नीट वाग, ओढणी घे" म्हणून दटावले जाते. यातले कुठले बोलणे खरे, हे तिने कसे ठरवावे?

दोन गावे, दोन ठराव

महाराष्ट्रातल्या दोन गावांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांशी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास बंदी करणारा ठराव केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने वेगळी वाट धरली होती. तिथे संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि घरोघरचे टीव्ही, मोबाईल बंद होतात. मुले अभ्यासाला बसतात. साडेआठला पुन्हा भोंगा वाजतो, तोवर हा दीड तास पाळायचा, असे गावाने ठरवले. कोरोनाकाळात लागलेली मोबाईलची सवय सुटेना, म्हणून हा उपाय निघाला.

काळजी दोन्ही गावांची एकच आणि हेतूही चांगलाच. फरक एवढाच, की एका ठरावात नियम फक्त मुलांसाठी आहे. दुसऱ्यात भोंगा वाजला की मालिका बघणारी आजी, रील बघणारा बाप आणि अभ्यास टाळणारा मुलगा, सगळेच एका नियमात येतात. मुलाच्या मनाला पटतो तो दुसरा नियम. बापाने हातात मोबाईल धरून "मोबाईल ठेव" म्हटले, तर मूल फार तर घाबरते. बापाने आधी आपला ठेवला, तर ते ऐकते.

मोहित्यांचे वडगाव हे कडेगाव तालुक्यातले गाव. याच कडेगावचे मोहरममधले गगनचुंबी ताबूत आणि त्यात हिंदू-मुस्लिमांनी मिळून घेतलेला सहभाग महाराष्ट्राला परिचित आहे. अशा मुलखात संध्याकाळच्या भोंग्याचे महत्त्व कोणाला समजावून सांगावे लागत नाही. रमजानमध्ये मगरिबच्या वेळी भोंगा वाजतो, अजान होते आणि सगळे घर एका दस्तरखानावर बसते. हीच वेळ हिंदू घरांत दिवेलागणीची, देवापुढे हात जोडून 'शुभंकरोति' म्हणण्याची. दिवस मावळताना घर एकत्र यावे, थोडा वेळ बाहेरचा बाजार बाहेर राहावा, ही या मातीतली दोन्हीकडची जुनी रीत आहे. मोबाईलने नेमकी हीच वेळ हिरावून घेतली.

रोजाची शिकवणही हीच आहे. लहान मुलांवर रोजा फर्ज नाही. तो मोठ्यांवर आहे. तरीही मुस्लिम घरातले सात-आठ वर्षांचे मूल हट्टाने म्हणते, "मलाही रोजा ठेवायचा." त्याला कोणी व्याख्यान दिलेले नसते. आई-वडील दिवसभर पाण्याचा घोटही घेत नाहीत, पाणी समोर असून घेत नाहीत, कोणी पाहत नसतानाही घेत नाहीत, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीनुसार, जो खोटे बोलणे आणि वाईट वागणे सोडत नाही, त्याच्या नुसत्या उपाशी राहण्याची अल्लाहला गरज नाही. रोजा जसा पोटाचा, तसा जिभेचा, कानांचा आणि डोळ्यांचाही आहे. सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा आदेश आधी पुरुषांना आला आहे आणि त्यानंतरच्या आयतीत स्त्रियांना. हा क्रम घरातल्या कर्त्या पुरुषांनी ध्यानात ठेवावा. दिवसभर उपाशी राहून रात्री मित्रांच्या ग्रुपवर आलेल्या क्लिप बघणाऱ्याने मुलांच्या बिघडण्याबद्दल तक्रार करू नये.

न बोलणे म्हणजे लाज नव्हे

मुलाचे डोळे झाकता आले, तरी त्याच्या मनातले प्रश्न झाकता येत नाहीत. वयात येताना शरीर बदलते. मुलाला भीती वाटते, कुतूहल वाटते. घरात विचारले तर "गप्प बस" हे उत्तर मिळते आणि शाळेत त्या धड्याची पाने भराभर उलटली जातात. २००७ मध्ये शाळांतल्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमाला महाराष्ट्रासह काही राज्यांनी विरोध केला होता. डिसेंबर २०१७ मध्ये कुटुंबनियोजनाच्या साधनांच्या जाहिराती रात्री दहा ते सकाळी सहा याच वेळेत दाखवाव्यात, असे केंद्राने वाहिन्यांना सांगितले. मात्र त्याच वाहिन्यांवर उत्तान गाणी दिवसभर वाजत राहिली. माहिती रात्री दहानंतर आणि चाळवणे चोवीस तास, असा हा उलटा कारभार झाला.

महाराष्ट्राला हा भेद समजावून सांगणारा एक माणूस फार पूर्वी होऊन गेला. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि लैंगिक आरोग्याची शास्त्रीय माहिती सरळ मराठीत दिली. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. कर्वे यांची सगळीच मते सर्वांना पटण्याजोगी नव्हती. धर्मनिष्ठ माणसाला तर अनेक पटणार नाहीत. पण माहिती देणे आणि चाळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांचे म्हणणे आज अधिकच खरे ठरले आहे.

इस्लामी परंपरेतही याला आधार आहे. मदिनेतल्या अन्सारी स्त्रिया मासिक पाळी आणि स्वच्छतेविषयीचे प्रश्न थेट प्रेषितांना (स.) विचारत. धर्म समजून घेताना त्यांनी लाजेला आड येऊ दिले नाही, म्हणून हजरत आयशा (र.) यांनी त्यांची प्रशंसा केली आहे. चौदाशे वर्षांपूर्वी जे मशिदीच्या परिसरात विचारता येत होते, ते आज आईला स्वयंपाकघरात विचारता येऊ नये? ज्या प्रश्नाला घरात उत्तर मिळत नाही, त्याचे उत्तर मूल मोबाईलला विचारते आणि मोबाईल काय दाखवील याचा नेम नसतो.

सापडल्यावर काय करावे?

एके दिवशी आईला मुलाच्या हातात नको ते दिसते. पुढच्या पाच मिनिटांत घर कसे वागते, यावर पुढची बरीच वर्षे अवलंबून असतात. बहुतेक घरांत मारहाण होते, मोबाईल आपटला जातो, शेजारीपाजारी कळेपर्यंत आरडाओरडा होतो. मूल त्या दिवशी एकच धडा घेते: पुढच्या वेळी सापडायचे नाही.

हदीसमध्ये एका तरुणाचा प्रसंग येतो. त्याने प्रेषितांकडे (स.) येऊन चक्क व्यभिचाराची परवानगी मागितली. भोवतालचे लोक त्याच्यावर धावून गेले. प्रेषितांनी (स.) मात्र त्याला जवळ बोलावले, बसवून घेतले आणि शांतपणे विचारले, तुझ्या आईबाबत असे कोणी केलेले तुला आवडेल का? मुलीबाबत? बहिणीबाबत? तो प्रत्येक वेळी नाही म्हणाला. मग इतरांनाही त्यांच्या आया-बहिणींबाबत ते आवडत नाही, हे त्यांनी त्याला समजावले, त्याच्या अंगावर हात ठेवला आणि त्याच्यासाठी दुआ केली. त्या तरुणाने पुन्हा त्या वाटेकडे पाहिले नाही, असे हदीस सांगते. घरातल्या बापाने यापेक्षा अधिक कठोर व्हावे, असे कोणत्या धर्मात सांगितले आहे?

आणखी एक अन्याय घरोघरी होतो. मुलगा सापडला तर "वयच तसे आहे" म्हणून विषय संपतो. मुलगी सापडली, किंवा तिच्या मोबाईलवर कोणी घाणेरडा संदेश पाठवला, तर तिचा मोबाईल जातो, क्लास बंद होतो आणि कधी कधी कॉलेजही सुटते. मग कोणी तिला फोटोवरून धमकावले, तरी ती घरी सांगत नाही. धमकावणाऱ्याचे खरे बळ तिच्या या गप्प राहण्यातच असते. "काहीही झाले तरी आधी मला सांग, तुझी शाळा बंद होणार नाही," हे एक वाक्य प्रत्येक घरात मुलीला आजच ऐकवून ठेवावे. अडचण आलीच तर बालकांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक आहे आणि पोलिसांच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते.

आणि मोठ्यांनी एक कायदा पक्का ध्यानात ठेवावा. मुलांच्या लैंगिक शोषणाचे चित्रण बघणे, साठवणे, पुढे पाठवणे यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी कडक भूमिका घेतली आहे. अशी सामग्री न काढता, न कळवता जवळ ठेवणेही 'पोक्सो' कायद्याखाली गुन्हा ठरू शकते. 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्दही न्यायालयांनी वापरू नये, कारण ते मुलाचे शोषण आहे, असे या निकालात म्हटले आहे. "आरोपीला पकडा" म्हणून असली क्लिप दहा ग्रुपवर टाकणारा माणूस त्या मुलाचे दुःख दहा वेळा बाजारात मांडतो आणि स्वतःही कायद्याच्या कचाट्यात सापडतो. अशी क्लिप आली तर ती पुढे न पाठवता थेट पोलिसांना कळवावी.

या महिन्यातच सुरुवात

गेली काही वर्षे रमजान परीक्षांच्या हंगामात येतो आहे, त्यामुळे घराला शिस्त लावायला याहून चांगली वेळ नाही. करायच्या गोष्टी फार नाहीत. इफ्तारला बसताना घरातले सगळे मोबाईल एका टोपलीत पडावेत. त्यात पहिला मोबाईल घरातल्या कर्त्याचा असावा. तरावीहला जाताना मुलाला सोबत न्यावे, नेता येत नसेल तर आजीजवळ गोष्ट ऐकायला बसवावे. ज्या मोबाईलवर मूल बघते त्यावर मुलांचे वेगळे प्रोफाइल असावे आणि त्याचा पिन मुलाला ठाऊक नसावा. रात्री कोणाचाच मोबाईल अंथरुणात जाऊ नये, बापाचाही नाही. मुलाने काही विचारले तर "मोठा झालास की कळेल" असे न म्हणता त्याच्या वयाला झेपेल तेवढे खरे उत्तर द्यावे. मशिदीच्या विश्वस्तांनी जुम्याच्या बयानात हा विषय घ्यायला सांगावे. शाळांनी स्नेहसंमेलनाची गाणी निवडताना एकदा त्यांचे शब्द वाचून पाहावेत. यातले एकही काम खर्चाचे नाही आणि कुठल्या एका धर्माचेही नाही. रोजा नसलेल्या घरालाही ते जमण्यासारखे आहे.

तीस दिवसांनी ईदचा चाँद दिसेल, इफ्तारचे दस्तरखान आवरले जातील आणि दिनक्रम पूर्ववत होईल. पोटाचा रोजा तिथे संपतो. डोळ्यांचा रोजा मात्र ईदनंतरही राहतो, कारण घरातले मूल अजून लहान आहे आणि ते मोठ्यांकडेच पाहत असते.